वेळू : गवत कीं झाड ?

मुंबई शहरांतील घोडपदेव हा भाग गिरणगांवाच्या पूर्व कडेस, माझगांव आणि काळाचौकी यांच्या दरम्यान वसलेला आहे. एका जुन्या देवस्थानानें त्यास नांव दिलें, गिरण्यांनीं वस्ती दिली आणि बंदरानें व्यापार दिला. माझगांव ते शिवडी या किनाऱ्यावरील खाजणें मुंबई पोर्ट ट्रस्टनें १९०८ ते १९१२ च्या सुमारास भरून काढलीं. १९१० सालीं कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आगगाडी आली, आणि १९२५ सालीं तीच वाट विजेच्या गाडीनें बोरीबंदरास जोडली गेली. लांकडाचा व्यापार या टापूंत कसा एकवटला होता हें तेथील ‘लकडी बंदर’ या नांवावरूनच कळून येतें. शहरास लागणारें सागवान, वासे आणि बांबू अशा बाजारांतूनच घरोघर जात.

सागवानाची प्रतिष्ठा मोठी. त्याचा हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत आणि सरकारी अहवालांत सविस्तर सांपडतो. वेळूचें तसें नाहीं. तो काम करतो आणि काम संपलें कीं नाहींसा होतो. मुंबईनें गेल्या दीडशें वर्षांत दगड, लोखंड आणि सिमेंट यांच्या इमारती चढविल्या. परंतु त्या चढवितांना गवंडी आणि रंगारी ज्या परांचीवर उभे राहत ती सुंभानें बांधलेल्या बांबूंची असे. १८९६ सालीं शहरांत प्लेग शिरला तेव्हां माणसांना चाळींतून काढून ज्या तात्पुरत्या झोपड्यांत ठेवलें गेलें, त्याहि बांबू आणि तट्टे यांच्याच. लालबाग-परळच्या गणेशोत्सवाचा मंडप, पाडव्याची गुढी, धान्य पाखडण्याचें सूप, कोळणीची पाटी, फुलवाल्याची परडी, आणि शेवटीं खांद्यावर जाणारी ताटी, ही सारी एकाच गवताची रूपें होत.

गवताची, असें आम्हीं मुद्दाम म्हटलें आहे. वेळूच्या लागवडीचे फायदे आज मोठ्या उत्साहानें सांगितले जातात. तो माती धरून ठेवतो, ओसाड जमीन झांकतो, हवेंतील कर्ब शोषून घेतो, आणि लावणाऱ्याच्या हातीं दरसाल पैसा देतो. यांतील बहुतेक भाग खरा आहे. परंतु इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, वेळू उपयुक्त आहे कीं नाहीं याविषयीं आपल्या देशांत कोणालाच कधीं शंका नव्हती. तंटा होता तो त्याचा उपयोग कोणाचा, याविषयीं. आणि हा तंटा शंभराहून अधिक वर्षें एका साध्या प्रश्नाभोंवतीं फिरत राहिला : वेळू हें गवत कीं झाड ?

वनस्पतिशास्त्राचें उत्तर निःसंदिग्ध आहे. भात, गहूं आणि ऊंस ज्या तृणकुळांतले, त्याच कुळांतला वेळू. गँबल यांनीं हिंदुस्थानांतील वेळूंवरील आपला मोठा ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १९२९ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील विद्वान् फादर ब्लॅटर यांनीं पार्कर यांच्या साहाय्यानें ती माहिती अद्ययावत् केली. या शास्त्रीय वर्गीकरणापूर्वींच आपल्या भाषेनें वेळूच्या जाती ओळखून ठेवल्या होत्या. वेळू, कळक, मानवेल, मेस, चिवा, माणगा हे शब्द एकाच वस्तूचे पर्याय नव्हेत. कोणता पोकळ, कोणता भरीव, कोणता कांटेरी, कोणता कामट्यांना नरम, हें वापरणाऱ्याच्या हातानें पारखून ठेवलेलें ज्ञान त्यांत आहे. संस्कृतांत तर ‘वंश’ या एकाच शब्दानें वेळू आणि कूळ या दोहोंचा बोध होतो. एका कंदापासून पिढ्यान् पिढ्या कोंब फुटत राहावे आणि बेट वाढत जावें, हें पाहिलेल्या लोकांना कुळासाठीं याहून योग्य उपमा सुचली नसती.

वेळूचें सारें अर्थशास्त्र या कंदांत आहे. झाडाचें खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें. वेळूचा कोंब पावसाळ्यांत जमिनींतून वर येतो तो आपली सारी जाडी घेऊनच. दोन-तीन महिन्यांत तो पुरी उंची गांठतो. त्यानंतर तो वाढत नाहीं, केवळ पक्का होतो, आणि तीन-चार वर्षांत कामाजोगा ठरतो. तो तोडला म्हणजे वेळू मरत नाहीं. कंद जिवंत असतो आणि पुढच्या पावसांत नवे कोंब देतो. इतकेंच नव्हे, तर जून काठ्या वेळच्या वेळीं न काढल्यास बेट आंतल्या आंत दाटतें, नवे कोंब वांकडे येतात आणि अखेर बेट गुदमरतें. सागवान लावणाऱ्याचें पीक बहुधा त्याच्या मुलाच्या किंवा नातवाच्या हातीं लागतें; वेळू लावणारा पांच-सहा वर्षांत तोड सुरू करतो आणि पुढें दरसाल ती घेऊं शकतो. जमिनीच्या वरच्या थरांत पसरलेलें कंदांचें आणि तंतुमय मुळांचें जाळें ओढ्याचा कांठ व डोंगराचा उतार बांधून ठेवतें. गळलेल्या पानांचा थर पावसाचा मारा सोसतो व ओल टिकवितो. म्हणजे येथें तोड आणि राखण या परस्परविरोधी गोष्टी नाहींत. शहाणपणानें केलेली तोड हीच राखण होय. ‘झाड तोडूं नये’ हा नियम जेथें जसाच्या तसा वेळूस लावला, तेथें वेळूचें आणि त्यावर जगणाऱ्याचें, दोघांचेंहि नुकसान झालें.

त्यावर जगणारा म्हणजे प्रथम बुरुड. हिरवा वेळू कोयत्यानें उभा चिरून त्याच्या कामट्या काढावयाच्या आणि त्यांच्या टोपल्या, सुपें, रोवळ्या, कणग्या, तट्टे विणावयाचे, हा त्याचा धंदा. बसवेश्वरांच्या शरणमंडळींतील मेदार केतय्या हे वेळूच्या टोपल्या विणणारे होते. म्हणजे बाराव्या शतकांतहि हा कसब मानाचा होता आणि त्याच्या बळावर भक्त पुरुष स्वाभिमानानें जगूं शकत होता. बुरुडाची एक अडचण मात्र कायमची आहे. वाळलेला वेळू त्याच्या उपयोगाचा नाहीं. कामट्या निघण्यास तो ओला हवा. म्हणून रानाची वाट ज्या दिवशीं बंद होते, त्या दिवसापासून थोडक्याच अवधींत त्याचा हात थांबतो.

रान आणि माणूस यांचा वेळूच्या निमित्तानें कसा संबंध असे, याचें एक उदाहरण कारवार जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. उत्तर कानडा हा जिल्हा १८६२ सालीं मद्रास इलाख्यांतून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यांत आला. त्यांतील सुपें तालुका घाटावरचा, मराठी व कोंकणी बोलणाऱ्या वस्तीचा आणि घनदाट अरण्याचा. त्या अरण्यांतील वेळू १८६४ सालीं एकाच वेळीं फुलला. वेळू आयुष्यांत एकदांच फुलतो, तोहि कित्येक दशकांनीं; मग बीं धरतो आणि बेटचें बेट वाळून जातें. हें बीं भातासारखें शिजवून खातां येतें. तें गोळा करण्यासाठीं धारवाड आणि बेळगांव जिल्ह्यांतून सुमारे पन्नास हजार माणसें सुप्याच्या रानांत उतरलीं, असा त्या वेळचा अंदाज नमूद आहे. एकेक टोळी दहा-चौदा दिवस राहून पावसाळ्याची बेगमी आणि विकण्यापुरतें धान्य घेऊन परत जाई. वेळू ज्या सालीं मेला त्या सालींहि त्यानें दोन जिल्ह्यांतील गरिबांस धान्य पुरविलें. याच फुलोऱ्याचें दुसरें रूप मिझोरामच्या डोंगरांत दिसतें. तेथें १९५९ सालीं वेळू फुलला, बियांवर उंदीर माजले, त्यांनीं शेतें फस्त केलीं आणि दुष्काळ पडला. त्या दुष्काळांत मदतीसाठीं निघालेल्या संघटनेंतूनच १९६६ चें सशस्त्र बंड उभें राहिलें. वेळूच्या मागें राजकारण कसें येतें याचा हा टोंकाचा दाखला होय.

सुप्यांत पन्नास हजार माणसें बीं वेंचीत होतीं, त्याच १८६४ सालीं हिंदुस्थान सरकारचें वनखातें अस्तित्वांत आलें आणि ब्रँडिस हे त्याचे पहिले मुख्य अधिकारी झाले. पुढच्याच वर्षीं पहिला जंगलाचा कायदा झाला. १८७८ सालीं अधिक कडक असा दुसरा आला. आणि १९२७ सालीं तिसरा, जो पुढें स्वतंत्र भारतानेंहि चालू ठेवला. या कायद्यांतील ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येंत ताड-माड, बुंधे, झुडपें आणि वेत यांच्याबरोबर बांबूचाहि समावेश करण्यांत आला. ही शास्त्राची चूक होती असें म्हणतां येणार नाहीं. ब्रँडिस आणि त्यांचे सहकारी उत्तम वनस्पतिज्ञ होते. वेळू गवत आहे हें ते जाणून होते. व्याख्या लिहिली गेली ती महसुलाच्या दृष्टीनें. गवत म्हटलें कीं त्यावर गुराख्याचा आणि बुरुडाचा हात सहज पडतो. झाड म्हटलें कीं त्यावर परवाना, दस्तुरी आणि वाहतुकीचा पास बसवितां येतो.

या व्यवस्थेविरुद्ध महाराष्ट्रांत लौकरच ओरड झाली. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्यानें शेतकऱ्याच्या गुरांची चराई कशी बंद केली याची कठोर हजेरी घेतली आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला कीं, सरकारला १८८५ सालीं त्या दोन जिल्ह्यांसाठीं चौकशीमंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. त्या चौकशींत मुख्य वाद होता तो राबासाठीं लागणाऱ्या फांद्यांचा आणि चराईचा. कांहीं सवलती मिळाल्या, पण व्याख्या जागच्या जागीं राहिली.

विसाव्या शतकांत वेळूस एक नवा आणि बलाढ्य गिऱ्हाईक मिळाला. तो म्हणजे कागदाचा कारखाना. वेळूचा तंतू लांब असतो आणि त्याचा लगदा चांगला होतो हें प्रयोगांनीं ठरल्यावर, १९२५ सालीं सरकारनें वेळूपासून कागद करणाऱ्या धंद्यास परदेशी मालाविरुद्ध जकातीचें संरक्षण देणारा खास कायदा केला. देशांत कागद व्हावा, शाळांना वह्या स्वस्त मिळाव्या, हा हेतु स्तुत्यच होता. पण कारखान्यास माल हवा तो अखंड, प्रचंड आणि स्वस्त. चांदा जिल्ह्यांत बल्लारपूर येथें १९४५ सालीं सुरू झालेला उद्योग पुढें देशांतील मोठ्या कागद-उद्योगांपैकीं एक झाला, आणि आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील वेळू पट्ट्यानें त्याजकडे जाऊं लागला. तिकडे सुप्याच्या त्याच अरण्यांत, दांडेलीस, १९५५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें कारखाना उभारला. त्यास सरकारनें टनाला अवघा दीड रुपया या दरानें वेळू देऊं केला. बाजारांत बुरुडाला त्याच टनासाठीं हजाराहून अधिक रुपये मोजावे लागत होते.

दराच्या या तफावतीचा परिणाम रानावर व्हावयाचा तोच झाला. जी वस्तु जवळजवळ फुकट मिळते ती जपून वापरण्याचें कारण कारखान्यास उरत नाहीं. एक रान संपलें कीं दुसरें शोधावें, हा हिशेब स्वस्त पडतो. आपल्याला वेळू मिळत नाहीं अशी बुरुडांची तक्रार कर्नाटक सरकारच्या कानीं गेली, तेव्हां पुण्यास जन्मलेले शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या प्रश्नाचा अभ्यास केला. रानांत हिंडतांना गांवकऱ्यांनीं त्यांना एक गोष्ट दाखविली. कांटेरी कळकाच्या बुडाशीं कांट्यांचें दाट कुंपण असतें. नवे कोंब त्या आडोशास वाढतात. तोड सोपी व्हावी आणि बेटास मोकळीक मिळावी म्हणून तें कुंपण साफ करण्याची पद्धत पडली होती. कुंपण गेलें कीं कोवळे कोंब गुरांच्या व रानांतील जनावरांच्या तोंडीं पडत, आणि बेट पुढें सरकत नसे. शास्त्रीय म्हणून चाललेली व्यवस्था येथें चुकत होती, आणि अडाणी म्हणून बाजूस सारलेला गांवकरी बरोबर होता.

या कथेस वळण मिळालें तें महाराष्ट्रांतच. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंड लोकांचें लहानसें गांव आहे. ‘दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही त्या गांवाची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्यानें तेथें सर्वांच्या संमतीनेंच निर्णय घेण्याची शिस्त रुजली, आणि आपल्या रानांतील कागद कारखान्याच्या वेळू-तोडीस गांवानें विरोध केला. संसदेनें २००६ सालीं वनहक्कांचा कायदा केला, आणि त्यांत बांबूची गणना स्पष्टपणें गौण वनोपजांत झाली. म्हणजे एकाच देशांत एकाच वेळीं दोन कायदे झाले : १९२७ च्या कायद्यानें वेळू झाड, २००६ च्या कायद्यानें मध, लाख आणि तेंदूच्या पानांच्या पंगतींतला. मेंढ्यास २००९ सालीं सुमारे अठराशें हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. पण वेळू विकावयाचा तर वाहतुकीचा पास हवा, आणि तो वनखातें देईना. हक्क कागदावर आणि माल रानांत, अशी स्थिति झाली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत पासाचें पुस्तकच ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. त्यानंतर ग्रामसभेनें स्वतः तोड केली, स्वतः भाव ठरविला, मजुरी दिली, आणि थोड्याच काळांत तिचें उत्पन्न कोटीच्या घरांत गेलें. वेळू तोच, रान तेंच. पासाचें पुस्तक तेवढें हात बदलून गेलें.

रानाबाहेरच्या शेतकऱ्याची अडचण आणखी कांहीं वर्षें राहिली. स्वतःच्या बांधावर लावलेला वेळूहि कायद्यानें झाडच. तो तोडावयास आणि हलवावयास परवानगी लागे. २०१७ च्या नोव्हेंबरांत वटहुकूम निघाला, आणि पुढें त्याचा कायदा होऊन ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येंतून बांबू हा शब्द गाळण्यांत आला. १८७८ पासून मोजलें तर वेळूस पुन्हां गवत होण्यास एकशेंएकोणचाळीस वर्षें लागलीं.

आतां लागवडीचा प्रचार जोरांत आहे. कोंकणांत, विशेषतः सिंधुदुर्गांत, माणगा हा भरीव, बिनकांटेरी वेळू बांधांवर आणि परसांत पूर्वींपासून लावला जातो. घाटावरच्या बागाईतदारांस आधाराच्या काठ्या आणि शहरांस वासे तो पुरवितो. कुडाळ येथें वेळूच्या वस्तु व घरें करण्याचें केंद्र चालतें. चंद्रपूरजवळ चिचपल्लीस संशोधन व प्रशिक्षणाचें केंद्र आहे. हें सारें इष्टच आहे. परंतु प्रचाराच्या भरांत केलेलीं विधानें पारखून घेतलीं पाहिजेत. वेळू कर्ब शोषतो हें खरें. पण काठी बेटांतच कुजली किंवा चुलींत गेली तर तो कर्ब हवेंत परत जातो. ती घराच्या छपरांत किंवा टेबलाखुर्चींत टिकली तरच कर्बाचा सांठा टिकला. ओसाड माळावर आणि ओढ्याकांठीं वेळू लावणें हें भूमीचें ऋण फेडणें आहे. नाना झाडांचें जुनें रान कापून तेथें नुसता वेळू लावणें म्हणजे त्या रानाचा नाश करणें आहे. आणि एकाच बियाण्याची सर्वत्र लागवड केली तर ती सारी एकाच सालीं फुलून एकाच सालीं वाळेल, ही सुप्याची शिकवणहि विसरतां कामा नये.

सर्वांत महत्त्वाची शिकवण मात्र भावाची आहे. ज्या वेळूचा दर टनाला दीड रुपया होता तो वेळू रानांत टिकला नाहीं. ज्याचा दर ग्रामसभेनें ठरविला, त्याची राखण करण्यास गांवांत माणसें उभीं राहिलीं. वेळूचा पर्यावरणी फायदा आणि त्याचा आर्थिक फायदा हे वेगळे मोजले जातात, पण ते एकाच कंदाचे दोन कोंब आहेत. जो तोडतो त्याच्याच हातीं पुढच्या वर्षीचा कोंब असेल, तर तो नवे कोंब सोडून जून काठी घेईल, कंद खणणार नाहीं, आणि पावसाळ्यांत कोयता म्यानांत ठेवील. मुंबईसारखें शहर, जें आजहि मंडपासाठीं, परांचीसाठीं आणि अखेरच्या प्रवासासाठीं वेळू मागतें, त्यानें काठीचा भाव करतांना एवढा एक हिशेब मनांत धरावा : त्या भावांतील किती पैसे बेटाच्या बुडापर्यंत पोहोंचतात ?